सळईचं काम: मुंबईची हजेरी की नाशिकची?

समजा, लोखंड बांधणाऱ्या फिटरला मुंबईत 900 रुपये हजेरी आहे, नाशिकमध्ये 700. म्हणजे 26 दिवसांचे मुंबईत 5,200 जास्त. पण घरभाडं, डिपॉझिट, बाहेरचा डबा आणि बदलापूर ते सीएसएमटी 68 किलोमीटरची लोकल, यांत ते कधी संपतात कळत नाही. साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या एकट्याला मुंबई परवडते. बायकामुलं सोबत असतील तर मी नाशिकच म्हणेन.

सळई दोन्हीकडे तीच: 12 मिलिमीटर जाड, 12 मीटर लांब, साडेदहा किलोहून जड. तारेने बोटंही तशीच कापतात. ओव्हरटाइमला कायद्याने दुप्पट दर आहे; तो देणार का, हे मुकादमाला आधीच विचारा. आणि पावसाळ्यातले खाडे धरूनच हिशोब मांडा.