मणेराजुरीच्या वाटेवरील द्राक्षबाग आणि तिचे विक्रीकेंद्र

सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात मणेराजुरीच्या वाटेवर एका शेतकरी कुटुंबाने आपल्या बागेच्या बांधालाच विक्रीकेंद्र उघडले आहे. हंगामात द्राक्षे, वर्षभर बेदाणा आणि सकाळी खुडलेली भाजी असा तेथील माल असतो. माल उत्तम आहे, हे मी आरंभीच नमूद करतो. परंतु तो उत्तम का आहे, हे त्या कुटुंबाच्या तीन पिढ्यांची शेती समजून घेतल्याशिवाय कळत नाही. सुदैवाने घरातील मंडळी विचारणाऱ्याला ती हकिगत सविस्तर सांगतात.

आजोबांच्या काळात ही जमीन जिरायत होती. ज्वारी हे मुख्य पीक, आणि विहिरीला जेवढे पाणी असेल तेवढ्यावर गवार, वांगी, दोडका अशी भाजी. 1972 च्या दुष्काळात विहीर आटली, ती पुन्हा खोल खणली गेली, आणि थोडक्या पाण्यात अधिक पैसा देणारे पीक कोणते, हा प्रश्न या घरापुढे तेव्हापासून उभा राहिला. त्याचे उत्तर दुसऱ्या पिढीने द्राक्षात शोधले. बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या द्राक्षजातीमधून निवडलेली तास-ए-गणेश ही जात याच तालुक्यातली; शेजारच्या बागांत ती डोळ्यांनी पाहिल्यावरच या कुटुंबाने मांडव उभारण्यासाठी कर्ज काढले. बाहेरून आलेल्या सल्ल्यापेक्षा बांधापलीकडच्या शेतकऱ्याचा अनुभव आमच्याकडे नेहमीच अधिक वजनदार ठरतो, आणि तासगावच्या द्राक्षशेतीचा विस्तार असाच झाला आहे.

पुढील अडचण मुळांची होती. सुरुवातीच्या वेली स्वतःच्याच मुळांवर वाढत. पाणी कमी पडू लागले आणि विहिरी-बोअरचे पाणी क्षारयुक्त होत गेले, तेव्हा त्या खंगू लागल्या. डॉगरिज या जंगली खुंटावर कलम करण्याची पद्धत महाराष्ट्रात रुजली ती या अडचणीमुळेच. जुनी बाग मोडून खुंटरोपे लावणे म्हणजे हाती येणारे उत्पन्न काही काळ सोडून देणे. त्या काळात घर चालले ते आज्जींच्या भाजीच्या वाफ्यांवर. द्राक्षाचा पैसा वर्षातून एकदा येतो, भाजीचा आठवड्याला येतो, हे त्यांचे साधे गणित होते. म्हणूनच आज बागेचे उत्पन्न चांगले असतानाही भाजीचा तुकडा मोडलेला नाही. माझ्या दृष्टीने हा या शेतीतला सर्वांत शहाणा निर्णय आहे, कारण 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरसारखा अवकाळी पाऊस फुलोऱ्यात आला की दावण्या हा बुरशीजन्य रोग आणि घडकूज संपूर्ण हंगाम नेऊ शकतात.

तिसऱ्या पिढीच्या वाट्याला तुलनेने बरे दिवस आले. कृष्णेचे पाणी उपसून वर आणणाऱ्या ताकारी, म्हैसाळ, टेंभू या योजनांनी दुष्काळी पट्ट्याचे चित्र पालटू लागले आणि ठिबकमुळे त्या पाण्याचा थेंबन्‌थेंब हिशेबात आला. नव्या काड्यांसाठी एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी हे चक्र मात्र जुनेच आहे. घडांची विरळणी अजूनही बायकांच्या हातांनी होते, आणि घड मोकळा असल्यामुळे मणी सारखे फुगतात, हे येथील द्राक्षे खाताना लगेच जाणवते. विक्रीच्या टेबलावर साखर मोजण्याचे छोटे यंत्र ठेवलेले असते. ग्राहकाने म्हटले तर त्याच्यासमोर मणी चिरडून आकडा दाखवतात. 18 ब्रिक्सच्या (ब्रिक्स हे रसातील साखर मोजण्याचे एकक) खालचा घड विक्रीला काढत नाहीत. हिरव्यागार दिसण्यासाठी लवकर तोडलेली आंबट द्राक्षे शहरात महाग दराने घेणाऱ्यांना या नियमाचे मोल समजेल.

तथापि माझी खरी शिफारस बेदाण्याची आहे. बेदाण्यासाठी ते साखर 22 ब्रिक्सच्या पुढे जाईपर्यंत घड वेलीवरच ठेवतात. तोडलेले घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळीच्या रॅकवर पसरले जातात. या द्रावणाने मण्यावरचा मेणासारखा थर सुटतो आणि पाणी लवकर बाहेर पडते, तर सावलीमुळे हिरवा रंग टिकतो. कोरड्या वाऱ्यात सुमारे दोन आठवड्यांत माल तयार होतो. 1 किलो बेदाण्याला साधारण 4 किलो द्राक्षे लागतात, हे लक्षात घेतले तर त्याचा दर जास्त वाटणार नाही. येथील हिरवा बेदाणा पातळ सालीचा, दातांना न चिकटणारा आणि गोडीबरोबर किंचित आंबटपणा राखणारा आहे. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि त्या नावाला शोभेल असाच हा माल आहे.

काही उणिवा सांगणे आवश्यक आहे. पिवळ्या बेदाण्याला गंधकाची धुरी दिली जाते आणि पिशवी उघडताच तो वास जाणवतो. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी हिरव्या बेदाण्याबाबतही धुरी दिली आहे का, हे आधी विचारून घ्यावे. पाकिटावर कोणत्या हंगामाचा माल आहे हे छापलेले नसते. जुना आणि नवा बेदाणा यांच्या चवीत फरक असल्याने ते छापायलाच हवे. द्राक्षाचा रस मला अतिगोड वाटला.

दर बाजारापेक्षा फारसे कमी नाहीत, आणि ते तसे असावेत अशी अपेक्षाही मी धरत नाही. एरवी मधल्या साखळीत जाणारा वाटा येथे थेट पिकवणाऱ्याकडे जातो. भाजी दुपारपर्यंत संपते, म्हणून ती हवी असेल तर सकाळीच जावे. द्राक्षांसाठी फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्च हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. तेव्हा गोडी पूर्ण भरलेली असते आणि शेडमध्ये बेदाण्याचे कामही पाहता येते. नवा बेदाणा घ्यायचा असेल तर एप्रिलमध्ये जावे, आणि घरी आणल्यावर तो हवाबंद डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवावा, म्हणजे पावसाळ्यातही त्याचा हिरवा रंग काळपट पडत नाही.