डिकीवरची अक्षरं आणि रेडियमचे पट्टे काढायला काय बरं: ड्रायर, रॉकेल की रबरी चाक?

सेकंडहँड गाडी घरी आली की दोन गोष्टी लगेच डोळ्यांत खुपतात: डिकीवरचं डीलरचं नाव आणि आधीच्या मालकाने दोन्ही बाजूंना मारून घेतलेले रेडियमचे पट्टे. काढायचं तर पटकन ठरतं, पण कशाने, यावर प्रत्येकाचं मत वेगळं. गॅरेजवाले रॉकेल सांगतात, घरातली मंडळी हेअर ड्रायर पुढे करतात आणि डिटेलिंगवाले, म्हणजे गाडीची बारकाईने सफाई-पॉलिश करणारे, ड्रिलला खोडरबरासारखं घासणारं रबरी चाक लावतात. माझ्या आणि भावाच्या गाडीवर मी हे तिन्ही प्रकार करून पाहिले आहेत. तिन्हींनी काम होतं. फरक पडतो तो काम झाल्यावर रंग कसा दिसतो त्यात.

डिकीवरची बहुतेक अक्षरं फोमच्या डबल टेपवर बसवलेली असतात. हा गोंद थंडीत कडक असतो आणि साधारण ६०-७० अंशांना मऊ पडतो. त्याच्या खाली रंगाचा सगळ्यांत वरचा थर, लॅकर, असतो. तो सहसा ४०-५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा. त्यामुळे पद्धत कुठलीही निवडा, घासणं जितकं कमी तितकं चांगलं.

ड्रायरसोबत तंगूस लागतो. गळाला लावतात तो, जरा जाड बघून घ्यावा. अक्षर हाताला चांगलं चटका देईल इतकं गरम करायचं, तंगूस दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळून अक्षराच्या मागे सरकवायचा आणि करवतीसारखा मागेपुढे ओढायचा. बोटांना कापडी पट्टी गुंडाळा, नाहीतर तंगूस कातडीत रुततो. पहिले दोन-तीन हात जड जातात. मग फोम मधोमध चिरला जातोय हे हाताला कळतं आणि अक्षर सुटून येतं. अर्धा फोम रंगावर राहतो. तो पुन्हा गरम करून अंगठ्याने एका दिशेला लोटायचा. त्याच्या काळ्या वळकट्या होतात आणि गोंदही बराचसा त्यांच्यासोबतच निघतो. हे सावकाशीचं काम आहे, हे मान्य. पण जे निघतं ते सुकं निघतं, आणि माझ्या दृष्टीने हाच मोठा मुद्दा आहे.

रेडियमचं टोक नखाने उचललं की ते बाहेर ओढायचं नाही. ते स्वतःवरच दुमडून, पत्र्याला लागून, हळूहळू मागे न्यायचं आणि ड्रायर त्याच्या पुढे पुढे ठेवायचा. चार-पाच वर्षं ऊन खाल्लेलं रेडियम मात्र कुरकुरीत होतं आणि नखाएवढे तुकडे पडतात. त्याच्याकडे पुढे येतो.

हीट गन असेल तर जपून. तिचं तापमान पाचशे अंशांपर्यंत जातं आणि बंपर प्लास्टिकचा असतो. ड्रायर हळू आहे, पण हात जरा रेंगाळला तरी रंग सहसा फुगत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी उन्हात उभ्या केलेल्या काळ्या किंवा लाल गाडीला तर ड्रायर नावापुरताच लागतो.

आता रॉकेल. त्याच माळेतली टर्पेंटाइन, निलगिरीचं तेल, डब्ल्यूडी-४० आणि खोबरेल तेल. थिनर यात धरत नाही. रंगकाम झालेल्या गाडीवर तो लॅकरच मऊ करतो. बाकीची द्रव्यं कंपनीच्या भट्टीतल्या रंगावर थोड्या वेळासाठी लावली तर सहसा चालून जातात, आणि स्वस्तही आहेत. गोंदाचा अगदी पातळ थर उरला असेल तर निलगिरीच्या तेलाला तोड नाही, हे मी आजही म्हणेन.

पण अख्खं अक्षर किंवा अख्खा पट्टा द्रव्याने काढायचा म्हटलं की माझा जीव नको होतो. आधी म्हणजे ते फोममध्ये लवकर मुरत नाही. कडेचा गोंद विरघळतो आणि मधला तसाच राहतो. मग तुम्ही आणखी ओतता. ते ओघळून नंबर प्लेटच्या दिव्याच्या खाचेत, डिकीच्या फटीत आणि बंपरवर जातं. सुटलेल्या गोंदाचा चिकटा होतो आणि फडक्याच्या प्रत्येक हाताबरोबर तो पसरतो. तळहाताएवढी जागा बघता बघता दोन वितींची होते. आपल्याकडच्या धुळीत गाडी कितीही धुतली तरी बारीक कण येऊन त्या चिकट्यात बसतातच, आणि तुम्ही तो पुसता म्हणजे ते कण लॅकरवर घासता. रॉकेलने रंग खाल्ला असं लोक म्हणतात. मला वाटतं, पुष्कळदा रंग खातं ते हे घासणं. भावाच्या काळ्या गाडीवर उन्हात पाहिलं तर अक्षरांची जागा स्वच्छ होती, पण भोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे होते. ते घालवायला कंपाउंडने रबिंग करावं लागलं, म्हणजे लॅकर आणखी थोडं गेलं. गाडी पांढरी असेल तर हे कदाचित तुम्हाला दिसणारही नाही, आणि मग माझं म्हणणं तुम्हाला जरा अतिरेकी वाटू शकेल. गडद रंगाच्या गाडीवर मात्र मी द्रव्याने सुरुवात करणार नाही.

रबरी चाकाची खरी जागा म्हणजे ते कुरकुरीत झालेलं रेडियम. तिथे ड्रायर घेऊन बसलात तर संध्याकाळ होते, आणि चाक तेच काम चहा निवायच्या आत करतं. वेग कमी ठेवा, चाक एका जागी थांबवू नका, आणि कडांवर, वळणांवर तर मुळीच नाही, कारण तिथे रंग मुळातच पातळ असतो. जळक्या रबराचा वास आणि भुगा भरपूर होतो. घरी ड्रिल नसेल तर एवढ्यासाठी विकत घेऊ नये. रेडियमवाल्याकडेच काम द्यावं.

यातलं काहीही हाती घेण्याआधी दोन गोष्टी पाहा. कंपनीच्या मुख्य लोगोला कधीकधी मागे पिना असतात आणि त्या पत्र्याच्या भोकात बसलेल्या असतात. तो काढला की भोक उघडं पडतं आणि पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो. म्हणून डिकीचं आतलं अस्तर सोडवून एकदा बघून घ्यावं. मोटरसायकलच्या टाकीवर नख फिरवून स्टिकरची कड लागते का तेही पाहा. नाही लागली तर स्टिकर लॅकरच्या खाली आहे, आणि तो काढणं म्हणजे टाकी पुन्हा रंगवणं. पुढच्या काचेवरचा एचएसआरपीचा (हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचा) स्टिकर, पेट्रोल-सीएनजीला निळा आणि डिझेलला केशरी, त्याला हात लावायचा नाही. तो नोंदणीचा भाग आहे.

ड्रायरला मी झुकतं माप देतोय खरं, पण एका ठिकाणी मी स्वतः द्रव्याकडे वळेन. पॅनेल अपघातानंतर पुन्हा रंगवलेलं असेल, तर गॅरेजमधला रंग साधारण ६० अंशांवर सुकवलेला असतो. कंपनीत मात्र तो १४० च्या आसपास भाजलेला असतो. खालची घासाई नीट झाली नसेल तर गरम रेडियम ओढताना रंगाचाच पोपडा हातात येतो. अशा ठिकाणी खोबरेल तेलाचा बोळा टोकाखाली ठेवून, जितकं सुटेल तितकंच सोडवत जावं. पोपडा उचलतोय असं वाटलं तर तिथेच थांबावं आणि उरलेला पट्टा तसाच राहू द्यावा.