पिझो कॉन्टॅक्ट माइक आणि ३२-बिट रेकॉर्डर: घरातल्या धातूच्या वस्तूंचे आवाज टिपताना आलेला अनुभव

श्रुतिका आणि हौशी नाटकांसाठी मी आवाज तयार करते. तुरुंगाचं दार, तलवारींचा खणखणाट, देवळातली घंटा, यंत्रमानवाची पावलं, यातलं जवळजवळ सगळं धातूतूनच येतं. आवाजांचे तयार संग्रह विकत मिळतात, पण त्यांत अडकित्ता नसतो, पितळी परात नसते, वाड्याच्या दाराचा कडी-कोयंडा तर नसतोच. सदाशिव पेठेतलं दार उघडतंय असं संवादात म्हणायचं आणि ऐकू यावं भलत्याच देशातलं लॅच, हे मला चालत नाही. म्हणून गेल्या पावसाळ्यात मी ३२-बिट फ्लोटमध्ये (म्हणजे खूप हळू आणि खूप मोठा आवाज एकाच फाइलमध्ये मावेल अशा पद्धतीने) रेकॉर्ड करणारा, खिशात मावणारा एक रेकॉर्डर घेतला आणि पिझो चकतीचा कॉन्टॅक्ट माइक, म्हणजे वस्तूला चिकटवायचा माइक, घरीच बनवला. आता उन्हाळा लागलाय. मधल्या काळात दोन्ही इतके वापरले, की त्यांच्याबद्दल खात्रीने सांगता येईल.

मत आधीच सांगते. रेकॉर्डर चांगला आहे, पण माझं काम बदललं ते वीसेक रुपयांच्या चकतीने, आणि तेही तिला नीट बफर, म्हणजे चकती आणि रेकॉर्डर यांच्यामधलं एक छोटं सर्किट, लावल्यावर. पैसे मोजकेच असतील तर आधी पिझो आणि बफर करा, मग वस्तू गोळा करा. महागड्या रेकॉर्डरचा विचार सगळ्यात शेवटी.

पिझो चकती म्हणजे बझरमध्ये असते तीच पितळी, वर पांढरा थर असलेली गोल चकती. मी २७ मिलिमीटरची वापरते. तिला हवेतला आवाज जवळजवळ ऐकू येत नाही, ती ज्या वस्तूला चिकटवलेली असते तिची थरथर तेवढी टिपते. बहुतेक लोक दोन वायरी डाखून सरळ रेकॉर्डरच्या माइक इनपुटमध्ये घालतात, आवाज पत्र्याच्या डब्यासारखा किरटा येतो आणि चकती कपाटात जाते. दोष चकतीचा नाही. ती विजेच्या दृष्टीने एक छोटा कपॅसिटर आहे, साधारण २० नॅनोफॅरडचा. तिच्यापुढे इनपुटचा रोध जितका कमी, तितका खालचा आवाज कापला जातो. हिशेब सोपा आहे: १० किलोओहमच्या इनपुटवर सुमारे ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं ढासळत जातं. छोट्या रेकॉर्डरचं माइक इनपुट बऱ्याचदा २ किलोओहमच्या आसपास असतं, म्हणजे ही रेष थेट ४००० हर्ट्झवर पोहोचते. हंड्याचा घुमार त्यात उरणार कुठून? हाच रोध १ मेगाओहम केला की रेष ८ हर्ट्झवर येते आणि हंडा हंड्यासारखा वाजतो.

त्यासाठी एका जेफेटचा (एका प्रकारच्या ट्रान्झिस्टरचा) बफर पुरतो. मी २एन५४५७ वापरला, २एन३८१९ सुद्धा चालतो. त्याच्या गेटवर, म्हणजे इनपुटच्या पायावर, १ मेगाओहमपेक्षा मोठा रोध, नऊ व्होल्टची बॅटरी आणि सगळं एका पत्र्याच्या डबीत. डबी प्लॅस्टिकची घेऊ नका. इतक्या मोठ्या रोधावर घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण लगेच शिरते, ती पत्र्याने अडते. चकतीपासून बफरपर्यंतची वायर शील्डची आणि शक्य तितकी आखूड ठेवा. सुटे भाग नाशिकला महात्मा गांधी रोडच्या परिसरात आणि ऑनलाइन मिळून जमवले. चकती, वायर, जॅक, डबी सगळं धरून खर्च पाचशेच्या आत राहिला.

आता एक युक्ती सांगते, जी मला फार उपयोगी पडली. हातोडी किंवा पहारीचा घाव घेताना पिझोतून क्षणभर कित्येक व्होल्ट निघतात आणि बफरच चिरकतो. अशा वेळी बफर काढून ठेवायचा आणि चकतीच्या दोन वायरींमध्ये २२० नॅनोफॅरडचा कपॅसिटर समांतर जोडायचा. पातळी साधारण बारा पटीने उतरते आणि त्याच दमात खालची रेषही तितकीच खाली येते: १० किलोओहमच्या लाइन इनपुटवर ८०० ऐवजी ६६ हर्ट्झच्या आसपास. घाव मोठा असल्यामुळे पातळी उतरली तरी काही बिघडत नाही. दोन रुपयांच्या भागात दोन्ही प्रश्न सुटतात.

३२-बिट फ्लोटबद्दल जाहिराती वाचून वाटतं, आता काहीही फाटणार नाही. ते अर्धंच खरं आहे. १६-बिटमध्ये ९६ डेसिबलचा पल्ला, २४-बिटमध्ये १४४चा आणि फ्लोटमध्ये कागदावर १५०० डेसिबलच्याही वर. फाइल नंतर खाली ओढली की चपटा झालेला माथा परत येतो, हे मी प्रत्यक्ष पाहिलंय. पण माइकचा पडदाच जिथे थकतो, किंवा बफरच्या बॅटरीचं व्होल्टेजच जिथे अपुरं पडतं, तिथे आकडे काही करू शकत नाहीत. मला फ्लोटचा खरा फायदा वेगळ्या ठिकाणी झाला. काशाच्या वाटीचा टोला मोठा असतो आणि तिचं विरत जाणं अतिशय बारीक. पूर्वी टोल्याला धरून पातळी लावली की विरणं खरखरीत बुडायचं. आता एकाच टेकमध्ये दोन्ही मिळतात.

चकती चिकटवायची कशाने, यावर मी बरेच प्रयोग केले. फोमवाला दुहेरी टेप वरचे स्वर खाऊन टाकतो. ग्लू गनचा गोंद आवाजाला उत्तम, पण पॉलिश केलेल्या पितळेवरून काढताना जीव जातो. सगळ्यात बरं मधमाश्यांचं मेण: पातळ थर द्यायचा, अंगठ्याने दाबायचं, काम झालं की नखाने काढायचं. नाशिकच्या एप्रिल-मेच्या दुपारी मात्र ते मऊ पडतं आणि चकती घसरते. उन्हाळ्यात सकाळीच उरकून घ्या.

यंत्रांचं इथवर पुरे, कारण खरी मजा वस्तूंमध्ये आहे आणि त्या बाबतीत नाशिककर भाग्यवान आहेत. जुन्या गावात तांबट लेन आहे, भांडी बाजार आहे, आणि तिथे भांडं वाजवून बघणाऱ्या गिऱ्हाइकाकडे कुणी वळूनही पाहत नाही. मी एका दुकानात विचारलं, "काका, वाजवून बघू का?" तर म्हणाले, "बघायचंच ना ताई, वाजवल्याशिवाय भांडं घेतात का कुणी?" चीर असली की नाद लगेच बसका येतो, हे त्यांना आपल्याहून चांगलं कळतं. तांब्याचं तर विशेषच. तापवून मऊ केलेलं तांबं ठोक्याला जेमतेम बोलतं. तेच मठारून, म्हणजे सगळीकडून ठोकून कठीण झालेलं असलं की त्याच जाडीत ते चांगलं वाजतं. त्यामुळे मी आता ठोक्यांच्या खुणा असलेलीच भांडी निवडते.

काशाची वाटी ही माझ्या मते घरातली सगळ्यात मोलाची आवाजाची वस्तू. सासूबाईंची पायाला तूप चोळायची जुनी वाटी आहे. तांब्यात कथील चांगल्या प्रमाणात मिसळलं की हा धातू कडक होतो आणि आपली थरथर आतल्या आत फार कमी जिरवतो, म्हणून नाद लांबतो. घंटेचं ओतीव कांसंही याच जातीचं. पण या वाटीला पिझो चिकटवून उपयोग नाही. चकतीचं आणि मेणाचं वजनच इतक्या हलक्या भांड्याचा गळा दाबतं. लहान वस्तूंना हवेतला माइकच हवा: वाटी तीन बोटांच्या टोकांवर तोलायची, माइक वीतभर अंतरावर, टोला लाकडी लाटण्याच्या टोकाने. हंडा, परात, बंब, पत्र्याची ट्रंक, लोखंडी जिना, इथे पिझोला तोड नाही.

परातीचा एक प्रकार सांगितल्याशिवाय राहवत नाही. मोठ्या पितळी परातीत दोन तांबे पाणी घ्यायचं, काठाखाली पिझो लावायचा, काठावर टोला द्यायचा आणि लगेच परात हळूहळू कलती करायची. पाण्याचं वजन जिथे जातं तिथली थरथर जड होते, स्वर वाकतो, पुन्हा सरळ होतो. जलतरंगात पाणी वाढवलं की स्वर उतरतो तेच तत्त्व, फक्त इथे ते डोळ्यांदेखत हलत असतं. एका श्रुतिकेत विहिरीतल्या भुताच्या प्रसंगासाठी मी हा आवाज निम्म्या वेगाने वापरला. दिग्दर्शकाने विचारलं, कुठलं सिंथेसायझर वापरलंस!

पहार, पाना, लोखंडी गज अशा लांब वस्तू हातात धरून वाजवल्या तर नुसता ठक्क आवाज येतो. गज मोकळा वाजताना त्याच्या दोन जागा स्थिर असतात, दोन्ही टोकांपासून लांबीच्या साधारण २२ टक्क्यांवर. पाच फुटी पहार असेल तर टोकापासून तेरा इंचांवर. बरोबर तिथे सुतळीचे फास घालून टांगा आणि मध्ये किंवा टोकाला ठोका. वाड्याच्या देवडीवरचा तास हवा असेल तर आवाज तयार आहे.

गच्चीवर कपडे वाळत घालायची जी लोखंडी तार असते तिच्या एका टोकाला पिझो लावून दुसऱ्या टोकाला नाण्याने टिचकी मारा. ताठ तारेतून वाकणाऱ्या लहरी जातात तेव्हा वरचे स्वर आधी पोहोचतात आणि खालचे मागून येतात. त्यामुळे एकच टिचकी पलीकडे 'प्यूं' होऊन निघते. विज्ञानकथेतल्या किरणबंदुकीचा आवाज तो हाच. तार लांब तितका 'प्यूं' लांब. मात्र विजेच्या खांबाला दिलेल्या ताणाच्या तारेला चुकूनही हात लावू नका, ती कितीही मोहक दिसली तरी.

नाण्यांवर फार लिहीत नाही, एवढंच: आताची एक-दोन रुपयांची स्टीलची नाणी चुरचुरतात. पूर्वीचं पाच रुपयांचं जाड, नऊ ग्रॅमचं तांबं-निकेलचं नाणं फरशीवर पडताना ज्या वजनाने बोलतं, त्याला पर्याय नाही. असतील तर जपून ठेवा.

सॅम्पल रेटबद्दल, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे याबद्दल, मला वारंवार विचारतात. एक उदाहरण सांगते. गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळातली मोठी घंटा नाशिकचे सगळे ओळखतात. १७३९मध्ये वसई जिंकल्यावर मिळालेली ती पोर्तुगीजांची घंटा. तसा खोल नाद मला एका नाटकाला हवा होता, आणि देवळात जाऊन कुणाच्या दर्शनात अडथळा आणणं मला पटत नाही. म्हणून देवघरातली घंटी चौपट मंद केली. हवेतल्या माइकने घेतलेली घंटी ९६ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करूनही गोधडीखाली दाबल्यासारखी आली, कारण साध्या माइकची झेप २० किलोहर्ट्झला संपते आणि चौपट मंद केल्यावर ५ किलोहर्ट्झच्या वर काही उरतच नाही. धातू त्याच्या पुष्कळ वरही आवाज करतो. वटवाघळांचे आवाज टिपणारी यंत्रं चालतात का हे पाहायला लोक किल्ल्यांचा जुडगा हलवतात, तो याचमुळे. पिझोला मात्र २० किलोहर्ट्झच्या वरचंही कळतं. तेव्हा घंटीच्या मुठीला, जिथे तिचा नाद दबत नाही, तिथे पिझो लावला आणि हवेतल्या माइकच्या आवाजात मिसळला. मंद केल्यावरही वरची लकाकी टिकली. तात्पर्य एवढंच, की वर ऐकणारा माइक नसेल तर ९६ किंवा १९२चा आकडा कार्ड भरण्यापलीकडे काही करत नाही. ९६ किलोहर्ट्झ, ३२-बिट, स्टीरिओ म्हणजे मिनिटाला ४६ मेगाबाइट.

आमचं घर सिडकोत, अंबड एमआयडीसीपासून लांब नाही. रात्री कुत्री भुंकली तरी पिझोला पत्ता लागत नाही, हे सुख मोठं आहे. पण जमिनीतून येणारे धक्के, कारखान्यातल्या प्रेसचे असोत की वरच्या मजल्यावरच्या पावलांचे, त्याला बरोबर कळतात. वस्तू जमिनीवर न ठेवता दोरीला टांगायची किंवा घडी घातलेल्या गोधडीवर ठेवायची. देवळालीकडे तोफांचा सराव चालू असला की वारा तसा असेल त्या दिवशी हवेतल्या माइकला खालचा दणका लागतो. ८० हर्ट्झचा फिल्टर लावला की बहुतेक निघून जातो.

रेकॉर्डरच्या तक्रारी मोजक्या. बॅटऱ्या फार खातो, म्हणून चार्ज होणाऱ्या सेलचे दोन जोड ठेवलेत. बटणं दाबताना टकटक फाइलमध्ये येते, तेव्हा तो हातात न धरता स्टँडवर लावून सुरू करायचा आणि टेक आरामात लांब घ्यायचा. पडद्यावरची अक्षरं उन्हात दिसत नाहीत. अंगच्या माइकची खरखर शांत खोलीत जाणवते, त्यामुळे वाटीसारख्या नाजूक आवाजांसाठी मी आता वेगळा कंडेन्सर माइक लावते, आणि तो प्रामुख्याने शेवटच्या विरण्यासाठी. रेकॉर्डर दुसऱ्यांदा घ्यायची वेळ आली तर अंगच्या माइकऐवजी दोन एक्सएलआर इनपुट (बाहेरचे माइक जोडायच्या तीन पिनांच्या जागा) असलेला घेईन.

मिसळण्याबद्दल एक बारकावा. हवेतला माइक एक मीटरवर असेल तर त्याचा आवाज पिझोपेक्षा जवळजवळ तीन मिलिसेकंद उशिरा येतो, म्हणजे ९६ किलोहर्ट्झवर २८० सॅम्पल. हा फरक सरकवून जुळवला नाही तर टोल्याची धार बोथट होते. जुळवल्यावर मी साधारणपणे पिझोची पातळी खाली ठेवते, अंग आणि वजनापुरता, आणि वस्तू कुठल्या खोलीत आहे हे हवेतल्या माइकला सांगू देते. चकतीची स्वतःची ४ किलोहर्ट्झच्या आसपासची किरकिर थोडी कापावी लागते. यंत्रमानव किंवा पाणबुडी असेल तर प्रमाण उलटं, नुसता पिझो. आणि फाइलच्या नावात धातू, वस्तू, कशाने वाजवली आणि कुठे धरली होती हे लगेच लिहून टाका. 'परात_पितळ_लाटणं_काठ_पाणी' एवढं नाव पुरतं. नाहीतर पुढच्या नाटकाला सगळे ठण्ण सारखेच दिसतात.