मूळ रंग कोण सांगतो: कारखान्याची वही की टाकीवरचा थर?

जुन्या मोटरसायकलचं मूळ रूप शोधायला दोन वाटा आहेत. पहिली कागदाची. बीएसए, ट्रायम्फसारख्या ब्रिटिश गाड्यांच्या कारखान्यांतल्या बऱ्याच नोंदी तिथल्या व्हिंटेज मोटरसायकल क्लबने जपल्या आहेत. इंजिन आणि फ्रेमचे नंबर दिले की गाडी कधी, कुठे रवाना झाली ते कळतं. एक खबरदारी: पन्नाशीच्या दशकातल्या बीएसएवर हे दोन्ही नंबर मुळातच वेगळे असत. नंबर जुळले नाहीत म्हणून लगेच ‘इंजिन बदललंय’ असा निकाल देऊ नये. ते जोडीनेच बाहेर पडले का, हे वहीच सांगते.

दुसरी वाट गाडीच्या अंगावरची. टाकीवरच्या बिल्ल्याखाली, गुडघ्याच्या रबरी पॅडखाली, टूलबॉक्सच्या मागच्या बाजूला अशा झाकलेल्या जागी बघा. तिथे ऊन पोचत नाही, रंगारीही बहुधा पोचलेला नसतो. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून छोटा गोल घासला की थर कड्यांसारखे उघडतात. सगळ्यात आतला प्रायमर, त्यावरचा रंग बहुतेकदा कारखान्याचा. कोरडं मात्र घासू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं.

माझं मत विचाराल तर सुट्या भागांसाठी कागद, रंगासाठी पत्रा. वहीत रंगाचं नुसतं नाव मिळालं, तरी त्यावरून नेमकी छटा कळत नाही. पण टाकीच दुसऱ्या गाडीची निघाली, तर तिचे थर बिनचूक साक्ष देतील, फक्त भलत्याच गाडीची!