परदेशात रोख पैसे काढताना: डेबिट कार्ड की फॉरेक्स कार्ड?

युरोपला निघालेल्या मावशींना प्रश्न पडला आहे की, युरो काढण्यासाठी रोजचे डेबिट कार्ड पुरेल की फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून ठेवायचे प्रीपेड कार्ड) घ्यावे.

मुख्य मुद्दा खर्चाचा आहे. साध्या डेबिट कार्डावर अनेक बँका विनिमय दरावर 3.5 टक्क्यांपर्यंत मार्कअप (दरावर लावलेली जादा रक्कम) आणि त्यावर 18 टक्के जीएसटी घेतात, म्हणजे एक लाख रुपयांमागे 4,130 रुपयांपर्यंत जातात. एटीएमचे शुल्क वेगळेच. फॉरेक्स कार्डात रक्कम भरतानाच दर ठरतो, पण त्यात बँकेचा नफा मिसळलेला असतो, म्हणून ‘शून्य मार्कअप’ या जाहिरातीपेक्षा त्या दिवशीचा बाजारदर शेजारी ठेवून पाहावा. युरोचे कार्ड फ्रँक हे चलन असलेल्या स्वित्झर्लंडमध्ये वापरल्यास चलनबदलाचे शुल्कही बहुधा लागते.

फॉरेक्स कार्ड हरवले तरी बचत खाते सुरक्षित राहते. मात्र उरलेले युरो परत रुपयांत बदलताना पुन्हा तोटा होतो.

कार्ड कोणतेही असो, एटीएमने रुपयांत हिशेब करू का असे विचारल्यास ठाम नकार देऊन युरोच निवडावेत, कारण तो दर बहुतेकदा महाग असतो.

एकाच चलनात, ठरलेल्या खर्चाचा लांब प्रवास असेल तर फॉरेक्स कार्ड घ्यावे; दोनचार दिवसांच्या, किरकोळ रोख लागणाऱ्या प्रवासाला डेबिट कार्ड पुरेसे आहे.