मोर्च्याचे फोटो टाकायचे कुठे: इन्स्टाग्राम की विकिमीडिया कॉमन्स?

आझाद मैदानातल्या धरण्याचे फोटो संध्याकाळपर्यंत लोकांपर्यंत पोचवायचे असतील, तर इन्स्टाग्रामला तोड नाही. पण फोटोची रुंदी साधारण १०८० पिक्सेलवर येते, फलकावरची बारीक अक्षरं फुटतात आणि स्टोरी २४ तासांत उतरते. वर्षभराने शोधायला गेलात तर हाती फारसं लागत नाही.

कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाशी जोडलेल्या मुक्त फोटो-भांडारात, मूळ आकाराची फाइल राहते. १२ मार्च २०१८ला नाशिकहून चालत आलेला किसान सभेचा मोर्चा आझाद मैदानात पोचला. अशा दिवसाचा फोटो तारीख, ठिकाण आणि मराठी वर्णनासह इथेच ठेवावा. मात्र परवाना नीट वाचा. सीसी बाय-एसए (तुमचं नाव देऊन, त्याच अटींवर कुणालाही फोटो वापरू देणारा परवाना) दिलात की तो मागे घेता येत नाही आणि विरोधी पक्षही नाव देऊन तोच फोटो वापरू शकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला दुसऱ्याचा फोटो उडवला जातो. नुसत्या पोस्टरचा क्लोजअपही, कारण हक्क चित्रकाराचा.

खरा धोका वेगळाच. कॉमन्स फाइलमधली एक्झिफ माहिती जशीच्या तशी दाखवतं: वेळ, कॅमेरा, जीपीएस चालू असेल तर जागाही. घरकामगार किंवा कंत्राटी कामगारांच्या बैठकीचा फोटो असेल तर आधी जीपीएस काढा. चेहरा धूसर करू नका, त्यावर भरीव काळा चौकोन टाका आणि नवी प्रत जतन करा. कॉमन्सवर आधी चढवलेली आवृत्तीही दिसत राहते; झाकलेला चेहरा तिच्यात उघडा राहिला, तर सगळी मेहनत पाण्यात. इन्स्टाग्राम ही माहिती इतरांना दाखवत नाही, पण कंपनीकडे ती पोचतेच.