‘१९४४ची’ लाकडी फ्रेम : माझे १८,५०० रुपये गेले

माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, १९४४मध्ये इटलीत लढले. घरात त्यांचा वर्दीतला एकही फोटो उरलेला नाही. हे आधीच सांगतो, कारण “फ्रेमसाठी एवढे पैसे?” असं विचारणारे रोज भेटतात.

जाहिरातीत अक्रोडाच्या लाकडाची फ्रेम होती, आघाडीवर जवानाने हाताने कोरलेली म्हणे. खाली ‘इटली १९४४’, आत एका मराठा जवानाचा पिवळा पडलेला फोटो. विकणारा म्हणाला, “काका, घरातली वस्तू आहे, विकायला जीव होत नाही.” ४,००० आगाऊ घेतले, १४,५०० पार्सल निघताना. कागद मागितले तर म्हणाला, शंभर वर्षं झाली नाहीत, पुरातन वस्तूची नोंदणी लागत नाही. तेवढं खरं होतं, म्हणूनच मी बाकीच्यावरही विश्वास ठेवला.

पण पैसे पाठवण्याआधीच जाहिरातीतल्या फोटोत सगळं समोर होतं. वरच्या पट्टीवर रेजिमेंटच्या बिल्ल्यावरचा बिगुल, आणि त्यावर अशोकस्तंभाचे सिंह. १९४४ साली! तेव्हा बिल्ल्यावर ब्रिटिश मुकुट असायचा. सिंह राजमुद्रा झाले २६ जानेवारी १९५० रोजी. मी तो फोटो मोठा करून दहादा पाहिला. नजर मात्र जवानाच्या चेहऱ्यावर, आजोबांची ठेवण शोधत. माझ्या जागी कुणीही तेच केलं असतं.

पार्सल घरी आल्यावर सुताराने मागचे खिळे काढले. आत एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड! हा बोर्ड बाजारात आला १९६०च्या दशकात. किडीची भोकं ड्रिलने पाडलेली, सगळी सरळ. खरी कीड आत वेडीवाकडी जाते. मागची बाजू उघडून दाखवल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

पोलीस ठाण्यात तीन खेपा घातल्या. “वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली? दिवाणी बाब आहे.” अर्जाची पोचसुद्धा तिसऱ्या खेपेला, तीही भांडून. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकला. म्हणजे गुन्हेगार मीच! पैसे गेल्याचं कळताच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. मी लाजेपायी नऊ दिवस घालवले. घरच्यांपासून लपवू नका.

विकणाऱ्याला मी फोनवर सिंहांवरून खडसावलं होतं. परवा त्याची नवी जाहिरात दिसली. तोच जवान, नवी फ्रेम, २२,००० रुपये. बिगुलावर आता मुकुट कोरलाय.